गंजलेला पाइप उकरून काढायचा की आतूनच नवा करायचा?

पाइप बाहेरून गंजला तर निदान डाग दिसतो. आतून गंजला तर गळती होईपर्यंत पत्ता लागत नाही. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गेलच्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला आणि 20 हून अधिक जणांचा जीव गेला. कोरड्या गॅससाठी बांधलेल्या त्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला गॅस जात होता आणि पोलाद आतून गंजलं होतं.

मग जुने पाइप सरळ बदलत का नाहीत? कारण कारखान्यात ते यंत्रांच्या पायाखाली, केबल आणि इतर वाहिन्यांच्या गर्दीत गाडलेले असतात. खोदकाम म्हणजे उत्पादन बंद. त्यामुळे जुन्या पाइपच्या पोटातच नवा पाइप तयार करण्याचा पर्याय पुढे येतो. यालाच रिलायनिंग म्हणतात.

हे करतात कसं?

सर्वात प्रसिद्ध पद्धत ब्रिटिश अभियंता एरिक वूड यांची. 1971 मध्ये त्यांनी लंडनच्या हॅकनी भागातल्या जुन्या मलवाहिनीत ती पहिल्यांदा वापरली. फेल्टची लांब नळी रेझिनमध्ये भिजवायची, उशीचा अभ्रा उलटवावा तशी पाण्याच्या दाबाने पाइपमध्ये उलटवत न्यायची आणि गरम पाणी किंवा वाफ सोडून कडक करायची. आत सांधे नसलेलं गुळगुळीत अस्तर तयार होतं. त्यामागे झाकली गेलेली बाजूच्या जोडण्यांची तोंडं नंतर रोबोट कापून मोकळी करतो.

पण हे सगळीकडे चालत नाही. सांडपाणी, पावसाचं पाणी, कमी दाबाच्या वाहिन्या ही त्याची खरी जागा. नगरमसारख्या उच्च दाबाच्या गॅसवाहिनीवर असं फेल्टचं अस्तर हा उपाय नव्हे. गरम रसायनं वाहत असतील तर रेझिन त्या तापमानाला आणि त्या रसायनाला टिकतं का, हे आधी तपासावं लागतं. शिवाय बाहेरच्या मातीमुळे लागणारा गंज अस्तराने थांबत नाही. म्हणून पाइपची जाडी मोजल्याशिवाय कुणी 'करून टाकू' म्हणत असेल, तर सावध व्हावं.

धोका आणखी एक आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अनेक रेझिनांत स्टायरीन असतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी इंडियाना आणि कॅलिफोर्नियातल्या कामांवर हवेचे नमुने घेतले. ठेकेदार ज्याला 'नुसती वाफ' म्हणत होते, त्यात रसायनांची वाफ, थेंब आणि अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनचे कणही सापडले. ते श्वासात जातं मॅनहोलशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या आणि कधी जवळच्या इमारतीतल्या लोकांच्याही.

स्टायरीन नसलेले रेझिन बाजारात आहेत, ते महाग पडतात. त्यामुळे निविदेत कोणतं रेझिन लिहिलंय, हे काम सुरू होण्याआधी विचारलेलं बरं.