जॅक्सनची 'जनता' म्हणजे नेमकी कोण?

अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेवर १९२८ पासून अँड्र्यू जॅक्सन यांचा चेहरा आहे. गंमत बघा, या गृहस्थांचा कागदी पैशावर काडीचा विश्वास नव्हता!

१८२९ ते १८३७ ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचा विषय निघाला की एक ठरलेलं मत ऐकू येतं: "सामान्य माणसाचा अध्यक्ष. मूळ रहिवाशांना हाकललं तेवढा एक डाग सोडला, तर मोठा माणूस." मला हा हिशोबच पटत नाही.

आधी त्यांचं श्रेय देऊन टाकू. चौदाव्या वर्षी अनाथ झालेलं पोरगं स्वतःच्या हिमतीवर वर आलं. त्यांच्या आधीचे सहाही अध्यक्ष व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्सचे, हे टेनेसीचे. १८२४ ला सर्वात जास्त मतं मिळूनही बहुमत नव्हतं, म्हणून प्रतिनिधीगृहाने ॲडम्सना निवडलं. लोकांनी १८२८ ला त्याचा वचपा काढला. श्रीमंतांनी सरकार आपल्या सोयीने वाकवू नये, असं सांगत १८३२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय बँकेच्या मुदतवाढीचं विधेयक फेटाळलं. साउथ कॅरोलायनाने केंद्राचा कायदा मानणार नाही म्हटल्यावर त्यांनाही ठणकावलं. हे सगळं खरं आहे.

आता दुसरी बाजू. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. कागदावर सगळं राजीखुशीचं. चेरोकी लोक शेती करत होते. त्यांची स्वतःची लिपी होती, लिखित राज्यघटना होती, वर्तमानपत्रही होतं. ते कोर्टात गेले आणि १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या भूमीवर लागू नाहीत. जॅक्सन सरकारने त्यांच्या बचावासाठी काहीच केलं नाही. पुढे एका छोट्या गटाशी करार करून सगळ्यांची जमीन घेतली, आणि तो करार सिनेटमध्ये अवघ्या एका मताने पार पडला. जॅक्सन पायउतार झाल्यावर, १८३८ मध्ये लष्कराने लोकांना घराबाहेर काढलं. साधारण सोळा हजारांपैकी चारेक हजार माणसं या सगळ्यात मेली, असा अंदाज सांगितला जातो.

त्या जमिनीचं काय झालं? जॉर्जियाने चेरोकींची जमीन सोडत काढून गोऱ्या लोकांना वाटली. अलाबामा, मिसिसिपीत मोकळ्या झालेल्या जमिनीवर कापूस पिकला, आणि तो गुलामांनी पिकवला. खुद्द जॅक्सनच्या मळ्यावर शंभराहून जास्त गुलाम होते. म्हणजे 'सामान्य माणसाला' जे मिळालं, ते थेट दुसऱ्याच्या ताटातून काढलेलं होतं. मग याला 'डाग' कसं म्हणायचं? कापडच त्या धाग्याचं आहे.

मताधिकाराचंही तेच. मालमत्तेची अट राज्यांनी काढली, आणि त्यातली बरीचशी जॅक्सन येण्याआधीच. पण त्याच काळात पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये काळ्या नागरिकांचं मत काढून घेतलं. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने लावायचं.

"अहो, त्या काळी सगळेच तसे होते," असं कुणी म्हणेल. नव्हते ना! तो कायदा प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला. जॅक्सनच्याच टेनेसीचा, गरीब घरातला डेव्ही क्रॉकेट विरोधात उभा राहिला. तेव्हाच्या माणसांना चूक-बरोबर कळत होतं. पाच मतं कमी पडली, इतकंच.

म्हणून माझं मत सरळ आहे. जॅक्सननी लोकांना सत्तेजवळ आणलं हे मान्य, पण 'लोक' कोण हे तेच ठरवत होते. नेता जनतेचं नाव घेतो तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारावं: या जनतेत कोणाकोणाला धरलंय, आणि कोणाला वगळलंय?

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.