३९ मिनिटांच्या पडद्यामागे

विंडोज एक्सपी ज्यांनी स्वतःच्या हातांनी टाकलंय, त्यांना तो '३९ मिनिटं'वाला स्क्रीन विसरणं शक्यच नाही. एका बाजूला हिरवी पट्टी सरकतेय, दुसऱ्या बाजूला आता तुमचं आयुष्य कसं सोप्पं होणार याच्या जाहिराती. मशीन जुनाट असो की नवंकोरं, आकडा सुरू व्हायचा ३९पासूनच! ती मिनिटं घड्याळाची नव्हतीच मुळी. 'पाचच मिनिटांत पोचतो' असं फोनवर सांगणाऱ्या मित्राची होती.

एक्सपी आली २००१मध्ये, तिचा सपोर्ट थांबला एप्रिल २०१४मध्ये. मग आज तिचं काय? तर १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही सपोर्ट संपला, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या ऑफिसात 'सिस्टीम अपग्रेड'चं वारं आलं. शुक्रवारी आपण मशीन बंद करून घरी जातो, सोमवारी सगळं नवीन. मधल्या दोन दिवसांत एकटा आयटीवाला चाळीस-चाळीस मशिन्स कशी उरकतो?

फंडा जुनाच आहे. अनअटेंडेड इन्स्टॉलेशन. सेटअप जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. एक्सपीच्या सीडीवर ती फाइल 'विननट डॉट सिफ' असायची, आता तिला 'ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल' म्हणतात. भाषा, टाइम झोन, युजरचं नाव, सगळं आत. पेन ड्राइव्ह लावा आणि चहाला जा.

खरी गंमत, म्हणजे खरा ताप, पुढे आहे. विंडोजपाठोपाठ ऑफिसचे प्रोग्रॅम्सही आपोआप टाकायचे असतात, आणि तेही 'सायलेंट', म्हणजे एकही खिडकी न दाखवता. दिसायला एकदम क्लीन! पण खिडकी लपवली म्हणून तिच्यातला प्रश्न संपत नाही ना.

माझा एक मित्र असली कामं फ्रीलान्स घेतो. (फ्रीलान्सर्सची दुःखं आम्ही एकमेकांना फुकटात ऐकवतो.) एका सीए फर्मची मशिन्स त्याने शनिवारी रात्री लावून दिली. रिटर्न्स भरायची शेवटची तारीख दोन दिवसांवर. रविवारी दुपारी जाऊन बघतो तर सगळीकडे तोच स्क्रीन, तीच गोल फिरणारी टिकली. "अगं, एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला 'ओके' पाहिजे होतं. मागे कुठेतरी दडून रात्रभर वाट बघत बसलं होतं ते!" रविवारची रात्र त्याने तिथेच काढली आणि सोमवारी दहाच्या आत मशिन्स सुरू करून दिली. त्या फर्मचं काम हातचं जाता जाता राहिलं.

तेव्हापासून तो प्रोग्रेस विंडो मुद्दाम दाखवतो. आणि हे जाम सोपं आहे, एका शब्दाचा फरक. एमएसआय फाइलला '/क्यूएन' सांगितलं तर काहीच दिसत नाही, '/क्यूबी' सांगितलं तर छोटीशी पट्टी दिसते. 'इनो सेटअप'ने बनवलेल्या प्रोग्रॅमला '/व्हेरीसायलेंट' म्हणजे मौनव्रत. नुसतं '/सायलेंट' म्हणजे प्रश्न नाहीत, पण पट्टी आहे. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) तरीही इनोवाले एररचे मेसेज फेकतातच, ते दाबायचा स्विच वेगळा. माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रायलला तो दाबूच नये. काय बोंबलतंय ते एकदा कळू दे.

पट्टी बघून काम लवकर होत नाही, हे मान्य. पण १९८५मध्येच ब्रॅड मायर्स या संशोधकाने दाखवलं होतं की किती टक्के झालं हे दिसत असेल तर लोकांना ते जास्त आवडतं. २००७मध्ये ख्रिस हॅरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर आणखी मजा शोधली. शेवटी शेवटी वेगाने पळणारी पट्टी आपल्याला एकूणच फास्ट वाटते, वेळ तेवढाच लागला तरी! म्हणजे पट्टीसुद्धा थोडी थापाडीच. चालेल, पण निदान समोर असू दे.

आणि समजा खिडक्या लपलेल्याच आहेत, काम अडलंय, तर? सेटअप चालू असताना शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी कमांड विंडो उघडते. ही एक्सपीतही उघडायची, विंडोज ११मध्येही उघडते. तिथे 'टास्कएमजीआर' टाइप केलं की टास्क मॅनेजर हजर. एखादा इन्स्टॉलर अर्धा तास शून्य टक्क्यावर बसलेला दिसला, तर बहुधा तो कुणाच्या तरी 'ओके'साठी अडलाय. ऑफिसच्या मशीनवर ही किल्ली चालली नाही तर चिडू नका. २०१६मध्ये विंडोज १०च्या अपग्रेडदरम्यान याच किल्लीने कुणालाही ॲडमिनचे अधिकार मिळतात असं समोर आलं होतं. तेव्हा सावध आयटीवाले ती बंदच ठेवतात, आणि बरोबर करतात.

मॅकवाल्यांनो, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये कमांड-एल दाबलं की आतला लॉग दिसतो. डेबियनवाल्यांना काय सांगायचं, ते आधीच चौथ्या कन्सोलवर जाऊन बसलेले असतात.

ता. क. काही प्रोग्रॅम्स 'एनएसआयएस'ने बनवलेले असतात. त्यांच्या सायलेंट स्विचमधला एस कॅपिटलच हवा. स्मॉल टाकलात तर अख्खा विझार्ड उघडून 'नेक्स्ट'ची वाट बघत बसेल, आणि तुम्ही बाहेर चहा पीत असाल.