लोणेरे की पुणे? विद्यापीठाच्या नावाआधी कॉलेज बघा

इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या आल्या की घरोघरी एकच प्रश्न : लोणेरेचं ‘बाटू’ की पुणे विद्यापीठ? अभ्यासक्रम, परीक्षा विद्यापीठाची. कॉलेज स्वायत्त असेल तर तेही कॉलेजचंच. शिक्षक, लॅब, प्लेसमेंट तर कॉलेजवरच. म्हणून ब्रँचला एनबीए मानांकन आहे का, ते आधी तपासा.

८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. पण कॅपमधूनच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. पुण्यातली खोली, मेस मात्र या माफीत येत नाही.

पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे ‘टाकून तर बघू’ म्हणत पहिला नंबर भरू नका. खर्च झेपेल तेच वर टाका.