वॉरंटी टिकवायची तर पनवेल गाठायचे?

अलिबाग, खास प्रतिनिधी - श्रीवर्धन, म्हसळा किंवा मुरूडमध्ये नवी मोटार दारात उभी राहिली, की महिन्याभरातच मालकाला एक हिशेब मांडावा लागतो. पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी न्यायची कुठे? गावातला मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असतो. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र मात्र कधी शेजारच्या तालुक्यात, तर कधी थेट पनवेल किंवा नवी मुंबईत. श्रीवर्धनहून पनवेलला जाऊन परत यायचे म्हणजे अडीचशे किलोमीटरहून अधिक मजल. एक हजार किलोमीटरला होणाऱ्या पहिल्या तपासणीसाठी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढे अंतर तुडवायचे, तेही २०११ पासून रखडलेल्या पनवेल-इंदापूर रुंदीकरणाने ज्याची ख्याती झाली त्या मुंबई-गोवा महामार्गाने! एवढे करूनही 'मोफत' सर्व्हिसिंगमध्ये माफ असते ती केवळ मजुरी. तेल आणि फिल्टर बदलले तर त्यांचे पैसे मोजावेच लागतात.

तरीही बहुतेक मालक जातात. कारण एकच, 'बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी गेली' ही धास्ती. विक्रीच्या वेळी ती तोंडी घातली जाते आणि पुस्तिकेतील बारीक अक्षरे तिला दुजोरा देतात. ही धास्ती कितपत खरी, हे तपासण्यासाठी एका जुन्या निकालाकडे वळावे लागते.

आयोगाने काय सांगितले?

जानेवारी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार दाखल झाली. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, दुरुस्तीची तांत्रिक माहिती व तपासणी उपकरणे बाहेरच्या कारागिरांना द्यायची नाहीत आणि ग्राहकाला अधिकृत केंद्राशी बांधून ठेवायचे, असा मोटार कंपन्यांवर आरोप होता. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्सचा वाटा १३४६ कोटींचा, तर मारुती सुझुकीचा ४७१ कोटींचा होता.

दंडाच्या आकड्याची चर्चा झाली. सामान्य मोटारमालकाच्या दृष्टीने मोलाचा भाग मात्र त्याच आदेशात पुढे होता. ग्राहकाने स्वतंत्र कारागिराकडे काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांना घालता येणार नाही. त्या कारागिराच्या सदोष कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती ती नाकारता येईल, असे आयोगाने बजावले. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या अपिलांत आयोगाचे मूळ निष्कर्ष उचलून धरले. दंडाची रक्कम मात्र घटवली. कायद्याची लढाई तिथेही थांबली नाही.

अमेरिकेत हेच तत्त्व १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने घालून दिले आहे. युरोपीय संघानेही मोटारींच्या विक्रीपश्चात सेवेसाठी स्वतंत्र नियम केले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, शेती अवजारे यांच्या जोडीने मोटारींचाही त्यात समावेश झाला.

कागदावरचा हक्क, रस्त्यावरची अडचण

तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे असले तरी व्यवहार तितका सरळ नाही. इंजिनात बिघाड झाला आणि आधीचे तेल गावच्या गॅरेजमध्ये बदललेले असले, तर तेल योग्य दर्जाचे होते की नाही यावर वाद उभा राहतो. अशा वेळी हातात पक्के बिल, तेलाची प्रत आणि मीटरवरील किलोमीटरची नोंद नसेल, तर आयोगाच्या आदेशाचा आधार घेऊनही फारसे काही हाती लागत नाही. किनारपट्टीवरील लहान गॅरेजांत काम चोख होते, पण पावती मागितली की कारागीर हसतो. खरी मेख इथेच आहे.

म्हणून वॉरंटीच्या काळात ठरलेल्या मुदतीचे सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेणे आजही शहाणपणाचे. मात्र ते ज्याने गाडी विकली त्याच वितरकाकडे असण्याची गरज नाही, ही साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्या कंपनीचे कोणतेही अधिकृत केंद्र चालते. पनवेलला घेतलेली गाडी महाडला किंवा दापोलीकडच्या नातेवाइकांकडे जाताना रत्नागिरी जिल्ह्यातही दाखवता येते. काही कंपन्या फिरती कार्यशाळा गावात पाठवतात. चार-पाच मालकांनी एकत्र मागणी नोंदवली तर ती येण्याची शक्यता वाढते. पंक्चर, वायपर, दिवे, धुलाई यांसाठी मात्र कोणी पनवेलची वाट धरण्याचे कारण नाही.

मुदतीबाबतची चूक अधिक महागात पडते. सर्व्हिसिंगची अट 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' अशी असते. अलिबाग, किहीम, आवास परिसरातील बंगल्यांत मुंबईकरांच्या गाड्या शनिवार-रविवारपुत्या बाहेर निघतात. मीटर जेमतेम तीन हजारांवर असतो, महिने मात्र उलटून जातात. मांडव्याहून रो-रोने गाडी मुंबईला नेता येते, ही सोय २०२० पासून झाली आहे. अडचण अंतराची नसून विसरण्याची आहे.

खाऱ्या वाऱ्याला वॉरंटी नाही

मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी वाढवली. अन्य कंपन्यांतही तीन वर्षांची मुदत आता रुळली आहे. किनाऱ्यावरच्या मालकाने मात्र मुदतीपेक्षा अपवादांचे पान आधी वाचावे. खारी हवा, रासायनिक धूर, पूर, नैसर्गिक आपत्ती यांमुळे झालेले नुकसान बहुतेक पुस्तिकांत वगळलेले असते. टायर आणि बॅटरी यांची हमी सहसा त्यांच्या उत्पादकाकडे असते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये गाड्या बुडाल्या, तेव्हा प्रश्न वॉरंटीचा नव्हता, विम्याचा होता. आणि पाणी शिरलेले इंजिन सुरू करून पाहिल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई, इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतले नसेल, तर साध्या विम्यातूनही सहसा मिळत नाही.

काशीद, नागाव, वरसोलीच्या पुळणीवर गाडी घालून भरतीत अडकणाऱ्या हौशी पर्यटकांबद्दल न बोललेलेच बरे. पण त्याच वाळूवरून न जाणाऱ्या स्थानिकाच्या गाडीचा तळही गंजतो. विक्रेता त्यासाठी महागडे आवरण सुचवतो. ते घेतले तरी आठवड्याला गोड्या पाण्याने तळ धुणे चुकत नाही, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

बाहेरून बसवलेला जादा हॉर्न, फॉग लॅम्प, संगीत यंत्रणा यांसाठी मूळ तारा कापल्या, की विद्युत यंत्रणेची वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. बाहेर बसवलेल्या सीएनजी किटचेही तसेच. जोडणीसाठी मूळ तारांना धक्का न लावणारा संच मागितला तर हा तंटा टळतो.

दाद मागायची कुठे?

वॉरंटी नाकारली गेली तर नकार लेखी मागावा, जॉब कार्डाची प्रत घ्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मोटार बदलून मिळेल अशी आशा मात्र धरू नये. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, संपूर्ण गाडी बदलून देण्याची नव्हे, असे स्पष्ट केले होते.

जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेच तक्रार दाखल करता येते. वितरक नवी मुंबईचा असो वा पुण्याचा, मुरूडच्या मालकाला अलिबागच्या जिल्हा आयोगाचा दरवाजा ठोठावता येतो. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी चारशे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.