सुनेला लावलेला बोल

पानपिंपळी वाळत घातली की आमच्या अंजनगाव सुर्जीत अंगणभर तिचा तिखट वास दरवळतो. माझी नात दहा महिन्यांची असताना त्या वाळवणातली एकेक पिंपळी चिमटीत उचलायची. दीड वर्षाची झाली आणि तेच हात काही धरेनासे झाले. ‘बाबा’, ‘दूध’ हे शब्दही गेले. जागी असेपर्यंत ती दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहायची, साबणाने धुतल्यासारखे.

मी म्हणाले, “हे तिच्या मायकडूनच आलं असन.” सुनेसमोर म्हणाले. पोरीची दृष्ट काढली आणि सुनेचं माहेरही काढलं.

नात पाच वर्षांची झाल्यावर मुंबईत जनुकीय तपासणी झाली. रेट सिंड्रोम. व्हिएन्नाच्या डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये नोंदवलेला, साधारण दहा हजार मुलींत एकीला होणारा आजार. एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ या जनुकातला बिघाड त्याला कारण आहे, हे १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या चमूने शोधलं. समुपदेशक बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं : हा बदल बहुतेक वेळा आईबापांपैकी कुणाच्याच रक्तात नसतो, नव्याने घडतो. आणि घडतो तो बहुधा बापाच्या शुक्रपेशीत. त्यात त्याचाही दोष नसतो.

मला सुनेकडे पाहवेना. ती पोरीचे हात हातात धरून बसली होती. हात धरले की नात शांत होते, डोळ्यांनी बोलते.

परतीच्या गाडीत मी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, “आई, आता गावातही सांगा.” म्हणून हे लिहिते आहे.

मुळावर इलाज अजून नाही. फेफरं, पाठीचा बाक, मध्येच रोखला जाणारा श्वास, हे सांभाळावं लागतं, आणि लवकर कळलं तर बरंच सांभाळता येतं. मग चित्र काढून समजावणारी ती बाई आम्हाला आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अमरावतीतच का भेटू नये? अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी करण्याची सरकारी योजना २०१३ पासून आहे. त्याच योजनेतल्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जनुकीय समुपदेशक नेमा. आणि दर महिन्याला वजन करताना अंगणवाडीताईंनी एवढंच विचारावं : लेकराला आधी येत होतं, त्यातलं काही गेलं का? आम्हाला हे कुणी वेळीच विचारलं असतं, तर सुनेची साडेतीन वर्षं माझे बोल ऐकण्यात गेली नसती.