आजोबा मांडवात का येत नाहीत?



भाताची झोडणी आटोपते, दाणा घरात येतो आणि आपल्या किनारपट्टीवर देवळांपुढे मांडव पडू लागतात. कुठे गावदेवीची जत्रा, कुठे हरिनाम सप्ताह, कुठे भजनाची बारी, तर कुठे शक्ती-तुऱ्याचा सामना. अशा दिवशी घरोघरी एक ठरलेले बोलणे होते. नातू विचारतो, "आजोबा, येता ना?" आणि आजोबा म्हणतात, "नको रे, तुम्ही जा. मी घर राखतो." ज्याने तरुणपणी गाण्यासाठी कोसन्‌कोस वाट तुडवली, तोच आज चार घरांपलीकडच्या मांडवात जायला तयार होत नाही. आपण समजतो, वय झाले, हौस सरली. पण बहुतेक घरांत ही समजूत चुकीची असते. हौस असते तशीच असते. जाणे आणि बसणे अवघड झालेले असते.

आगरदांड्याचेच पाहा. राजपुरी खाडीच्या या तीरावर आगरदांडा, समोर श्रीवर्धन तालुक्यातली दिघी, आणि मध्ये फेरीबोट. पलीकडे सामना असला तर जाताना अडचण नसते. पण कार्यक्रम रंगात येईपर्यंत परतीची शेवटची बोट निघून गेलेली असते, आणि रस्त्याने यायचे तर खाडीला लांबलचक वळसा. तरुणपणी कुणाच्याही पडवीत पाठ टेकता येते. पंचाहत्तरीच्या माणसाला मात्र वेळेवर घ्यायची गोळी, रात्रीचे दोन-तीनदा उठणे आणि अंधारातली पायवाट आठवते. मग तो घरी राहणेच पत्करतो.

जागरणाचा प्रश्न मोठ्या मैफलींनाही सुटलेला नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे रात्र रात्र गाणे चाले आणि पहाटेचे राग पहाटेच कानी पडत. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणउत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे रात्रभराच्या बैठका मोडल्या आणि गाणे दिवसाउजेडी सुरू होऊ लागले. मालकंस, दरबारी हे राग भर मध्यरात्री ऐकलेल्या जुन्या श्रोत्याला याची हळहळ वाटणारच. पण त्याच श्रोत्याला आता गाणे ऐकून अंथरुणावर वेळेत पाठ टेकता येते, हेही खरे. या वयात दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदतात. म्हणून म्हातारी माणसे नव्या वेळेला नावे ठेवतात आणि त्याच वेळेचा फायदाही घेतात. त्यांना हसू नये.

याहून मोठी अडचण आवाजाची. वयाबरोबर कान मंदावतात, पण सगळे स्वर सारखे मंदावत नाहीत. उंच पट्टीचे, बारीक आवाज आधी जातात. स, श, त, फ यांसारखी अक्षरे नीट कळेनाशी होतात. ढोलाचा घुमारा मात्र पूर्वीइतकाच आदळतो. म्हणून आजोबा एकीकडे "ऐकू येत नाही" म्हणतात आणि दुसरीकडे "आवाज कमी करा" म्हणतात. घरच्यांना हा हेकटपणा वाटतो. तो हेकटपणा नसून कानांचा धर्म आहे.

आता शक्ती-तुऱ्यात गंमत कशाची? गण झाला, गवळण झाली, की शक्तीवाला गाण्यातून प्रश्न टाकतो आणि तुरेवाला गाण्यातूनच उत्तर देतो. सगळी मजा शब्दांत. भजनातही बुवा अभंगाचा अर्थ उलगडतात ती खरी गोडी. शब्दच कळले नाहीत तर उरतो तो नुसता गोंगाट. अशा वेळी कर्ण्याचा आवाज वाढवून उपयोग नाही. आवाज साफ हवा.

फार मोठा आवाज तर तरुण कानांनाही घातक. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो असे धरतात; त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमाहून आल्यावर कानांत घूं घूं होत असेल तर ती ताकीद समजावी.

तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाइलवर हवे ते गाणे मिळते, मग म्हाताऱ्यांना मांडवात न्यायचा आटापिटा कशाला? मोबाइलवर गाणे मिळते हे खरे. शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला जुना सोबती मिळत नाही. शिवाय गाणाऱ्यालाही जाणता श्रोता लागतो. नवा बुवा चाल बरोबर घेतो की नाही, पखवाज कुठे घसरला, हे ओळखून मान डोलावणारा किंवा मान फिरवणारा पहिल्या रांगेतला म्हातारा हीच पूर्वीपासून गावाची गाण्याची शाळा. ती रांग रिकामी झाली की नुसत्या दणदणाटालाच टाळ्या पडू लागतात, आणि गळ्यावर मेहनत घेण्याचे कुणाला कारण उरत नाही. नुकसान एकट्या आजोबांचे होत नाही.

हे सावरायला फार पैसा लागत नाही. उत्सव मंडळींनी एवढे करावे:

पत्रिकेवर सातची वेळ छापली तर सातला गण सुरू करावा. भाषणे, सत्कार आणि नारळ देणे शेवटी ठेवावे. दहाच्या आत मुख्य सामना संपला तर म्हातारी माणसे पूर्ण कार्यक्रम ऐकून घरी जातील.

कर्णे श्रोत्यांच्या कानांशी बांधू नयेत. गाणाऱ्याचा आवाज वर, ढोल आणि यंत्रांचा खाली, असे मशीनवाल्याला आधीच सांगावे.

पुढे एका बाजूला पाठीच्या वीसेक खुर्च्या वडीलधाऱ्यांसाठी राखाव्यात. सतरंजीवर बसलेला गुडघेदुखीचा माणूस गाणे ऐकत नाही, उठायचे कसे याचा विचार करतो. बायकांच्या बाजूलाही तशाच खुर्च्या हव्यात, कारण आजीलाही गाणे आवडते. मुतारीची वाट जवळची आणि उजेडाची असावी. खाडीपलीकडून माणसे येणार असतील तर बोटीच्या वेळा आधी पाहून मग कार्यक्रमाची वेळ ठरवावी.

घरच्यांनी कानांची एकदा तपासणी करून घ्यावी. कित्येकदा नुसता मळ साठलेला असतो, तर कित्येकांना श्रवणयंत्राने चांगला फरक पडतो. दाराशी उभे राहून "येता का?" असे विचारू नये, "मी नेतो, मीच आणतो" म्हणावे.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. "आमच्या वेळचे गाणे राहिले नाही" असे घरात बसून म्हणू नका. या हंगामात एकदा तरी जाऊन बसा. पोरांचे चुकले तर दुसऱ्या दिवशी बोलावून सांगा, आणि चांगले झाले तर तिथल्या तिथे दाद द्या. तुमच्या तोंडून "वा!" ऐकायला ती पोरे आजही आसुसलेली आहेत.