नावाचा पत्ता : लिस्पच्या इतिहासातील दुर्लक्षित प्रकरण

लिस्प या संगणकभाषेचा इतिहास बहुधा एकाच कथेने सांगितला जातो. एमआयटीतील जॉन मॅकार्थी यांनी ‘इव्हॅल’ हे फलन सिद्धान्त म्हणून कागदावर मांडले. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत हाताने उतरवले आणि इंटरप्रिटर जन्माला आला. कथा खरी आहे, पण तीत यंत्र निमित्तमात्र उरते. बखर वाचून दफ्तर न उघडण्यासारखाच हा प्रकार.

दफ्तर म्हणजे येथे संगणकाची मेमरी.

७०४ मधील प्रत्येक शब्द ३६ बिटांचा. त्यातील ‘अ‍ॅड्रेस’ व ‘डिक्रिमेंट’ हे भाग प्रत्येकी १५ बिटांचे. म्हणजे प्रत्येकात ३२,७६८ जागांपैकी कोणत्याही एकीचा पत्ता मावे. असे शब्द एकमेकांकडे बोट दाखवू लागले की यादी तयार होई. लिस्पमधील ‘कार’ आणि ‘कुडर’ ही विचित्र नावे याच दोन भागांवरून पडली.

मग चिन्ह, म्हणजे चलाचे किंवा फलनाचे नाव, ठेवायचे कोठे? मॅकार्थींच्या एप्रिल १९६० च्या निबंधात याचे उत्तर आहे : चिन्हही यादीच. तिच्या पहिल्या शब्दात ‘हे चिन्ह आहे’ अशी खूण, आणि पुढे गुणधर्मांची साखळी. छापावयाचे नाव हा त्यांतला केवळ एक गुणधर्म. एका शब्दात सहा अक्षरे मावत, नाव लांबले की आणखी शब्द जोडावे लागत. चिन्हाची खरी ओळख नावात नव्हती, पत्त्यात होती. लिस्पचे श्रेय वाटताना या निर्णयाला ‘इव्हॅल’च्या बरोबरीचे स्थान मिळायला हवे.

कारण त्यामुळे ‘समान’ या शब्दाचा अर्थच ठरला. लिस्प १.५ मध्ये वाचलेले प्रत्येक नाव ‘ऑब्जेक्ट लिस्ट’ या नोंदवहीत शोधले जाई. सापडले तर जुनाच पत्ता, नाहीतर नवी नोंद. दोन चिन्हे एकच आहेत का, हे पाहण्यासाठी अक्षरे ताडण्याची गरज उरली नाही. पत्ते ताडले की झाले. संख्यांना मात्र हा मान नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी कसोटी लागे.

या सोयीची किंमतही होती. नोंदवहीत नाव आहे तोवर चिन्ह कचरा ठरत नाही, आणि मेमरी अडून राहते. एमआयटीतच पुढे घडलेल्या मॅकलिस्पमध्ये ‘खरोखर निरुपयोगी’ चिन्हे झाडून काढण्याची स्वतंत्र सोय करावी लागली. (तिचे अधिकृत नावही जवळपास हेच होते!) रुबी या भाषेत तर, बाहेरून आलेल्या मजकुरापासून चिन्हे बनवत गेल्यास मेमरी भरून सर्व्हर कोलमडू शकत असे, तेथे अशा चिन्हांची सफाई २०१४ अखेरीस, २.२ या आवृत्तीत सुरू झाली.